वेषांतराला मिशी लागत नाही

साध्या वेशातला एक इन्स्पेक्टर. वाढलेली दाढी, चुरगळलेला शर्ट, ओठांत काडी. शहरातली चार-पाच पोरं बेपत्ता आहेत आणि हा पठ्ठ्या नाव बदलून टोळीत शिरला आहे. ही गोष्ट खात्यातल्या एकाच वरिष्ठाला ठाऊक. तो वरिष्ठ मध्यंतरानंतर मारला तरी जातो किंवा फितूर तरी निघतो. शेवटची मारामारी बंद पडलेल्या गोदामात. ओटीटीवर अशा सिनेमांना तोटा नाही. बघून उठलं की इन्स्पेक्टरचं सगळं लक्षात राहतं: त्याचा घटस्फोट, त्याची दारू, त्याची मोटारसायकल. बेपत्ता मुलांपैकी एकाचंही नाव आठवत नाही. भिंतीवर टाचलेले फोटो होणं, एवढंच त्यांच्या वाट्याला आलेलं काम.

दिग्दर्शकांचं यावर ठरलेलं उत्तर असतं: बजेटच नव्हतं. मला हे पटत नाही. बजेट होतं, ते गोदामावर आणि मोटारसायकलवर गेलं. हरवलेल्या मुलाला माणूस करायला पैसा लागत नाही, आणि ते ज्यांना जमलं त्यांच्यातल्या बहुतेकांनी ते कमी पैशांतच जमवलं आहे. त्यांची युक्ती एकच: शोधणारा माणूस भाड्याचा ठेवला नाही.

रायन जॉन्सनचा ‘ब्रिक’ हे याचं माझ्या मते सगळ्यात चोख उदाहरण. पुढे ‘लूपर’ आणि ‘नाइव्ह्ज आउट’ करणाऱ्या जॉन्सनचा हा पहिला सिनेमा, 2005 सालचा. खर्च साधारण साडेचार लाख डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने दोन कोटी रुपयांच्या आसपास. आपल्याकडच्या निर्मात्याला हा आकडा मुळीच परका वाटू नये. पटकथा लिहून झाल्यावर पैसे उभे करण्यात बरीच वर्षं गेली, आणि जे मिळाले ते मुख्यतः नातेवाईक-मित्रांकडून. चित्रीकरण कॅलिफोर्नियातल्या सॅन क्लेमेंटी या गावात, दिग्दर्शक स्वतः जिथे शिकला त्याच शाळेत. संकलन घरच्या संगणकावर. संगीत चुलतभावाचं, आणि तेही फायलींची कपाटं, वाइनचे ग्लास, स्वयंपाकघरातली भांडी वाजवून काढलेलं. सनडान्स महोत्सवात या सिनेमाला कल्पनेच्या वेगळेपणासाठी परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला.

गोष्ट अशी. ब्रेंडन नावाच्या शाळकरी पोराला त्याच्या आधीच्या मैत्रिणीची, एमिलीची, चिठ्ठी मिळते. सांगितलेल्या वेळी तो रस्त्यावरच्या टेलिफोन बूथपाशी जातो. पलीकडे एमिली, घाबरलेली, अर्धवट बोलणारी. तिच्या तोंडून दोन-चार शब्द निसटतात, त्यांचा अर्थ याला लागत नाही. समोरून एक काळी गाडी जाते, ती किंचाळते, फोन बंद. गाडीतून पडलेलं सिगारेटचं थोटूक हा उचलतो. त्यावर निळा बाण छापलेला आहे. एवढ्या सामग्रीवर पुढचा शोध उभा राहतो. एमिलीचं काय झालं हे सिनेमा पहिल्याच दृश्यात सांगून टाकतो, त्यामुळे ‘सापडेल का?’ हा प्रश्नच उरत नाही. उरतो तो ‘इथवर आली कशी?’ हा. पोलीस तपासात हा प्रश्न एका परिच्छेदात उरकतात. ज्याचं तिच्यावर प्रेम होतं त्याला तो सोडवत नाही.

आता यातलं वेषांतर बघा. मुलांना गर्द पुरवणाऱ्या माणसापर्यंत ब्रेंडनला पोचायचं आहे. त्याच्याकडे ना खोटं ओळखपत्र, ना दाढी-मिशी, ना मागे उभं खातं. मग तो काय करतो? शाळेतल्या सगळ्यात माजलेल्या धटिंगणाशी चारचौघांत भांडण उकरून काढतो आणि त्याला लोळवतो. नाव योग्य कानांवर जावं म्हणून. पुढे टोळीच्या दांडग्याकडून स्वतः यथेच्छ मार खातो, प्रत्येक वेळी उठतो आणि तीच मागणी करतो: तुझ्या मालकाला भेटव. एवढा मार खाऊन उठणारा पोर्‍या कामाचा आहे असं त्यांना वाटावं, हाच त्याचा वेष. तो सिनेमाभर अंगावर दिसत राहतो. सुजलेला चेहरा, खोकताना येणारं रक्त. मिशी काढून ठेवता येते, मार काढून ठेवता येत नाही.

शाळेच्या उपप्राचार्यांशी त्याचं बोलणं होतं तो प्रसंग तर या जातीच्या सगळ्या सिनेमांची फिरकी घेणारा आहे. प्रसंगाची बांधणी हुबेहूब पोलीस कमिशनर आणि हट्टी गुप्तहेर यांच्या खडाजंगीची. फक्त टेबलापलीकडे शाळेचा अधिकारी आहे आणि अलीकडे दहावी-बारावीच्या वयाचं पोर. आधी एकदा त्याने शाळेला खबर पुरवलेली आहे. आता त्याला खबरी व्हायचं नाही, फक्त आपल्याला मोकळं सोडा एवढंच हवंय. उपप्राचार्यांच्या भूमिकेत कोण? रिचर्ड राउंडट्री, 1971 च्या ‘शाफ्ट’मधला गाजलेला खासगी गुप्तहेर. या निवडीला वेगळा खर्च नाही, लागते ती फक्त सिनेमाची जाण.

टोळीचा मालकही पाहण्यासारखा. अंगावर झगा, हातात काठी, वय सव्वीस. म्हणजे या मुलांच्या लेखी म्हाताराच. याचा अड्डा कुठे? आईच्या घराच्या तळघरात. खाली मारहाण झाल्यावर वर स्वयंपाकघरात तीच माउली सगळ्यांना न्याहारी आणि ज्यूस देते, काही पडलंय-लागलंय याची गंधवार्ता नसलेली. हा प्रसंग विनोदी आहे, आणि सिनेमातलं सगळ्यात भेदक विधानही त्यातच आहे. या गोष्टीत मोठी माणसं जवळजवळ नाहीतच, आणि जी आहेत त्यांच्या घराच्या तळघरात काय चाललंय हे त्यांना माहीत नाही.

कमी पैशांत थरार कसा उभा करावा याचा एक धडा मात्र प्रत्येक फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये दाखवावा. एक चाकूवाला शाळेच्या मोकळ्या आवारात ब्रेंडनच्या मागे लागतो. पार्श्वसंगीत नाही, फक्त सिमेंटवर पावलांचा आवाज. कोपऱ्याआड गेल्यावर ब्रेंडन बूट काढतो. त्याच्या पावलांचा आवाज थांबतो, मागच्याचा चालूच. तो अनवाणी उलट फिरतो आणि भरधाव येणाऱ्याला कोपऱ्यावरच आडवा करतो. चाकूवाला खांबावर आदळतो. खर्च शून्य. बूटही त्याचेच.

‘ब्रिक’मध्ये खोट नाही असं नाही. ही पोरं जुन्या गुप्तहेर कादंबऱ्यांच्या ढंगात बोलतात. पहिली वीस मिनिटं कोण काय म्हणतंय हे कळायला कान टवकारावे लागतात. काहींना हे सोंग वाटेल. एमिली आपल्याला बहुतेक ब्रेंडनच्या आठवणीतूनच भेटते, तिचं स्वतःचं म्हणणं कमी पडतं, ही माझी मुख्य तक्रार. तरीही सिनेमा संपल्यावर तिचं नाव विसरत नाही.

शोधणारा नात्यातला असला की काय होतं हे पडताळायला आणखी दोन सिनेमे घेऊ. पॉल श्रेडरचा ‘हार्डकोर’ 1979 चा, आणि तो स्टुडिओचा, म्हणजे स्वस्त वगैरे नव्हे. मिशिगनमधला एक कर्मठ धार्मिक व्यावसायिक. त्याची मुलगी चर्चच्या सहलीला कॅलिफोर्नियात जाते आणि नाहीशी होते. बाप अश्लील चित्रपटांचा निर्माता असल्याची बतावणी करत लॉस एंजेलिसच्या गल्ल्या पालथ्या घालतो. जॉर्ज सी. स्कॉटसारखा दणकट नट भडक शर्ट आणि खोट्या मिशीत अवघडून बसलेला बघताना कळतं की या माणसाला आपली मुलगी कधी कळलीच नव्हती. शेवट मात्र श्रेडरने घाईत आवरला आहे.

दुसरा अनीश चगंटीचा ‘सर्चिंग’, 2018 चा. खर्च दहा लाख डॉलरच्या आत, कलाकारांचं चित्रीकरण 13 दिवसांत, संकलनाला मात्र दीड-दोन वर्षं. जगभरची कमाई साडेसात कोटी डॉलरच्या घरात. सगळा सिनेमा संगणकाच्या आणि फोनच्या पडद्यांवर घडतो. मुलगी बेपत्ता झालेला बाप तिच्याच लॅपटॉपसमोर बसून ‘पासवर्ड विसरलात?’ या बटणावरून तिच्या एकेका खात्यात शिरतो. हेही वेषांतरच: तो मुलीच्या नावाने मुलीच्या जगात वावरतो. तिथे त्याला काय कळतं? ज्या पियानोच्या शिकवणीचे पैसे तो देत होता ती तिने सहा महिन्यांपूर्वीच सोडली आहे. तिच्या मित्रमैत्रिणींना फोन लावावेत तर मित्रमैत्रिणी कोण, तेच त्याला सांगता येत नाही. बंदूक नाही, पाठलाग नाही, आणि तरी पालकांच्या पोटात गोळा येतो.

आता आपल्याकडे वळू. शाळकरी गुप्तहेराची परंपरा मराठीला नवी नाही. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश ऊर्फ ‘फास्टर’ फेणे पिढ्यान्‌पिढ्या वाचला गेला. 2017 मध्ये आदित्य सरपोतदारने त्यावर सिनेमा केला तेव्हा ‘फास्टर फेणे’ मोठा झाला, वैद्यकीय प्रवेश परीक्षेचा उमेदवार झाला. अमेय वाघने तो झकास वठवला, सिनेमा चाललाही. पण शाळकरी पोरगं पोरगंच ठेवून, त्याच्या वर्गातलं कुणी हरवलंय आणि मोठ्यांना काही कळायच्या आत हा शोधाला निघालाय, असा सिनेमा करायची संधी अजून शिल्लकच आहे. त्याला लागणारी शाळा, क्लासेसची गल्ली, हॉस्टेलची मेस आणि बंद मोबाइल आपल्याकडे मुबलक आहेत.

तेव्हा थ्रिलर लिहायला बसलेल्या मंडळींना सांगणं एवढंच: इन्स्पेक्टरचा घटस्फोट पहिल्या खर्ड्यातच कापा. त्या जागी हरवलेल्या मुलाची पाच पानं लिहा: तो डबा कोणाबरोबर खायचा, कोणाला घाबरायचा, घरी काय सांगायचा आणि जायचा कुठे. ही पाच पानं जमली नाहीत, तर निर्मात्याने दहा कोटी दिले तरी सिनेमा करू नका.