ताटाखालची माती

घरी शिजवलेल्या, ताज्या आणि जवळच्या शेतातून आलेल्या अन्नाची थोरवी गाणारा एक वर्ग गेल्या काही वर्षांत शहराशहरांतून उदयाला आला आहे. देशी वाण, हंगामी भाजी, आजीच्या पाककृती हे त्याचे परवलीचे शब्द होत. या शब्दांमागची भावना खोटी आहे असे कोणी म्हणणार नाही. तथापि या गौरवगानात तीन प्रश्न सोयिस्करपणे गाळले जातात. हे अन्न कोणत्या जमिनीत पिकते, ती जमीन कोणत्या पाण्यावर भिजते आणि ते शिजविण्यात कोणाचा वेळ खर्ची पडतो, हे ते तीन प्रश्न. त्यांची उत्तरे टाळून केलेला घरच्या स्वयंपाकाचा गौरव पोकळ तर असतोच, शिवाय तो जुन्या अन्यायावर नवे पांघरूण घालतो. बंगळूर शहर या दृष्टीने मुद्दाम तपासून पाहण्यासारखे आहे.

डिसेंबर-जानेवारीत या शहराच्या बाजारांत अवरेच्या हिरव्या शेंगांचे ढीग लागतात. मागडी, कोलार, चिक्कबळ्ळापूर या भागांतून त्या येतात. थंडीच्या दिवसांत शेंगेच्या सालीवर जो तेलकट, उग्र वास चढतो त्याला कन्नडमध्ये 'सोगडु' म्हणतात, आणि जाणते गिऱ्हाईक तो वास घेऊनच भावाला हात घालते. सोललेले दाणे पाण्यात भिजवून, प्रत्येक दाणा अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत दाबला की त्याची आतली सालही निसटते. अशा दाण्यांना 'हितकिद बेळे' हे नाव आहे. मराठी स्वयंपाकघराला हा दाणा परका नाही. ओला पावटा आणि सुका वाल ही याच वनस्पतीची रूपे होत. वाल भिजवून, मोड आणून, एकेक सोलून केलेल्या डाळिंब्यांचे बिरडे हा कोकणपट्टीच्या अभिमानाचा पदार्थ. दोन भाषांनी एकाच दाण्यावर सारखीच चिकाटी खर्च केलेली आहे.

असे असूनही बंगळूरला नोकरीनिमित्त आलेल्या मराठी घरांत वालाची पिशवी पुण्यामुंबईहून सामानात बांधून आणली जाते आणि कोपऱ्यावरच्या अवरेच्या ढिगाकडे पाठ फिरवली जाते, हे दृश्य दुर्मीळ नाही. या ओढीला 'घरची चव' असे गोड नाव आहे. परंतु घर बदलले असेल, तर घरच्या अन्नाची व्याख्याही बदलावयास हवी. १६३८ मध्ये हे शहर शहाजीराजांच्या जहागिरीत आले. तेव्हापासून येथे नांदत आलेल्या मराठी कुटुंबांच्या बोलीत आणि जेवणात कन्नड मुलूख केव्हाच मुरला. त्यांनी जे सहजगत्या केले, ते करण्याची गरज आजच्या सुशिक्षित स्थलांतरिताला भासत नाही. मालमोटारींचे जाळे त्याचे गाव त्याच्या दारात आणून टाकते आणि तो ज्या मातीवर राहतो तिच्याशी त्याचे कोणतेच देणेघेणे उरत नाही.

'स्थानिक' या शब्दाचा अर्थ काही जण मूळ वंशावळीशी जोडतात. ही दुसरी चूक. कर्नाटकाची ओळख ठरलेली रागी, म्हणजेच नाचणी, प्राचीन काळी आफ्रिकेच्या उंचवट्यांवरून भारतात आली. मंड्य येथे संशोधन करणाऱ्या सी. एच. लक्ष्मणय्यांनी भारतीय आणि आफ्रिकी नाचणीचा संकर करून 'इंडाफ' वाण तयार केले आणि कोरडवाहू शेतकऱ्याचे उत्पन्न वाढविले. ब्याडगीची लालभडक मिरची आज भौगोलिक मानांकनाचा मान मिरवते, पण मिरची मुळात अमेरिका खंडातली. बसवनगुडीत कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी 'कडलेकाई परिषे' ही शेंगांची जत्रा भरते. नंदीने पीक तुडवू नये म्हणून पहिल्या शेंगा त्याला वाहावयाच्या, अशी तिच्यामागची आख्यायिका आहे. त्या नंदीपुढे ठेवलेला भुईमूगही दक्षिण अमेरिकेतूनच आलेला. तेव्हा स्थानिकतेची कसोटी जन्मस्थान ही असू शकत नाही. ज्या पिकाला येथील पाऊस पुरतो, जे येथील शेतकऱ्याचे घर चालविते आणि जे तोडल्यावर दिवसाभरात चुलीपर्यंत पोहोचते, ते स्थानिक होय.

तिसरी चूक अधिक गंभीर आहे. स्थानिक आणि घरचे अन्न म्हणजे सोवळ्यातले, शाकाहारी अन्न, असा अर्थ नकळत रूढ केला जातो. बंगळूरभोवतालच्या खेड्यांत रागीमुद्दे, म्हणजे नाचणीच्या उकडीचा गोळा, पालेभाजी आणि डाळ शिजवून काढलेल्या पाण्याच्या 'बस्सारू'बरोबर खाल्ला जातो. तोच गोळा गावठी कोंबडीच्या 'नाटी कोळी सारू'बरोबरही तितक्याच हक्काने खाल्ला जातो. बस्सारूची कल्पकता पाहण्यासारखी आहे. गाळलेल्या पाण्याचे सार होते, उरलेल्या भाजी-डाळीला फोडणी देऊन कोरडी भाजी होते आणि काहीही वाया जात नाही. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तांदळात ते नगण्यच. हे पोषण ज्यांच्या ताटात पिढ्यान्‌पिढ्या होते त्यांना 'अडाण्यांचे खाणे' म्हणून हिणविले गेले. २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष साजरे झाले, नाचणीला उपाहारगृहांच्या काचेच्या कपाटात मान मिळाला. मुद्द्याशेजारची कोंबडी मात्र त्या सोहळ्यात अनेकांना अडचणीची वाटते. अन्नाचा गौरव करावयाचा आणि ते खाणाऱ्यांना वगळावयाचे, हा व्यवहार अप्रामाणिक आहे.

आता जमिनीचा प्रश्न. बंगळूरची भाजी एके काळी शहराच्या आतच पिकत असे. तिगळ समाजाचे माळी तलावांच्या काठी बागाईत करीत. त्यांच्या करग उत्सवाशी ज्या संपंगी तलावाचे नाते आहे तो बुजवून त्या जागी कंठीरव क्रीडागार उभे राहिले, आणि विधीपुरता पाण्याचा एक तुकडा तेवढा शिल्लक ठेवण्यात आला. धर्मांबुधी तलावाच्या जागी आज शहराचे मध्यवर्ती बसस्थानक आहे. शेती गेली, तिची आठवण उत्सवात राहिली. २००८ मध्ये देवनहळ्ळीला विमानतळ सुरू झाला. ज्या चकोत्याला, म्हणजे पपनसाला, देवनहळ्ळीच्या नावाने भौगोलिक मानांकन आहे, त्याच्याच मुलुखात जमिनीचे भाव आभाळाला भिडले. मानांकनाने फळाचे नाव सुरक्षित होते, झाडाखालची जमीन होत नाही.

याच तालुक्यातील चन्नरायपट्टण होबळीत १३ गावांची १,७७७ एकर जमीन विमान-उद्योगासाठी संपादित करण्याचे सरकारने योजिले. द्राक्षे, भाजीपाला आणि नाचणी पिकविणाऱ्या तेथील शेतकऱ्यांनी एप्रिल २०२२ पासून तीन वर्षांहून अधिक काळ धरणे धरले. जुलै २०२५ मध्ये मुख्यमंत्र्यांनी हे संपादन सोडून देत असल्याचे जाहीर केले, मात्र स्वखुशीने जमीन देणाऱ्यांसाठी वाट खुली ठेवली. शहरातल्या सकस आहाराच्या चर्चेत या लढ्याला जे स्थान मिळावयास हवे होते ते मिळाले नाही. सेंद्रिय भाजीसाठी चढा दर मोजणे हे तिच्या जमिनीसाठी उभे राहण्यापेक्षा सोपे असते. विकत घेता येणारा सद्‌गुण शहराला नेहमीच परवडतो.

पाण्याची कथा याहून अवघड आहे. वृषभावती नदी शहराचे सांडपाणी घेऊन वाहते आणि पुढे त्याच पाण्यावर शेते भिजतात. कोरमंगल-चल्लघट्ट खोऱ्यातील सांडपाणी दुसऱ्या टप्प्यापर्यंत शुद्ध करून दुष्काळी कोलार जिल्ह्याच्या तलावांत सोडण्याची योजना २०१८ मध्ये सुरू झाली. दररोज ४४ कोटी लिटर पाणी देण्याचे तिचे उद्दिष्ट होते. तिने आटलेले तलाव भरले, आणि शुद्धीकरण पुरेसे आहे काय हा वादही न्यायालयापर्यंत नेला. ज्या कोलारहून बंगळूरला टोमॅटो येतो तेथे बंगळूरचेच पाणी परत जाते. शहराची मोरी आणि शहराचे ताट यांच्यामध्ये एका शेताचेच अंतर आहे. तेव्हा 'जवळचे ते शुद्ध' असे गृहीत धरणे भाबडेपणाचे ठरेल. जवळच्या अन्नाला शुद्ध ठेवणे ही नगरपालनाची जबाबदारी आहे आणि ती कोणत्याही गृहिणीला भाजी तीनदा धुऊन पार पाडता येणार नाही.

शेवटचा प्रश्न वेळेचा, आणि तो सर्वांत कळीचा. १९१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या लक्ष्मीबाई धुरंधर यांच्या पाकग्रंथाचे नाव 'गृहिणी-मित्र' असे होते. स्वयंपाक कोणी करावयाचा, हे त्या काळाने शीर्षकातच ठरवून टाकले होते. पुढचे शतक उलटले तरी ती वाटणी फारशी ढळलेली नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या वेळ-वापर पाहणीनुसार विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया २०१९ मध्ये दिवसाला सरासरी २९९ मिनिटे त्यात घालवीत, तर ते करणारे पुरुष ९७ मिनिटे. २०२४ च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ असे आले. पाच वर्षांत स्त्रियांची दहा मिनिटे वाचली, आणि पुरुषांनी आपल्या तुटपुंज्या वाट्यातूनही नऊ मिनिटे काढून घेतली. मराठी साहित्याने 'आईच्या हातची चव' हा शब्दप्रयोग इतका कुरवाळला, की त्या हाताला विसावा लागत असेल हे त्याच्या ध्यानातच आले नाही. जात्यावरच्या ओव्यांचे संग्रह निघाले, त्यांचे सौंदर्य वाखाणले गेले. पहाटेच्या त्या दळणात पुरुषाचा हात का नव्हता, हे मात्र क्वचितच विचारले गेले.

ही कोंडी बाजाराने ओळखली. १९२४ मध्ये स्थापन झालेल्या मावळ्ळी टिफिन रूम्सने दुसऱ्या महायुद्धातल्या तांदळाच्या टंचाईत रवा इडली रूढ केली. आणीबाणीतल्या दरनियंत्रणाने उपाहारगृह तोट्यात गेले तेव्हा ही संस्था तयार पिठांकडे वळली, आणि तो तयार खाद्यपदार्थांचा व्यवसाय २००७ मध्ये नॉर्वेच्या ऑर्क्ला कंपनीने विकत घेतला. २००५ मध्ये याच शहरात 'आयडी फ्रेश'ने इडली-डोशाचे आंबवलेले पीठ पिशवीत भरून विकण्यास आरंभ केला. 'बिग बास्केट' २०११ मध्ये आणि 'स्विगी' २०१४ मध्ये येथेच जन्मली. या सोयींवर नाक मुरडणे अनेकांना आवडते. परंतु रगड्याशी झुंजणाऱ्या बाईने पिशवी विकत घेतली यात तिचा दोष कोणता? तिच्या घरातील इतरांनी रगड्याला हात लावला असता, तर ती पिशवी चैन ठरली असती. तो लावला गेला नाही, म्हणून ती सुटका ठरली. मात्र ही सुटका अपुरी आहे. घरातल्या एकीची घाई कमी झाली, आणि ती रस्त्यावर दुचाकी दामटणाऱ्या परक्या तरुणाच्या माथी गेली. श्रमाची वाटणी घरात न करता ती पैसे देऊन दाराबाहेर ढकलण्यात आली, एवढाच काय तो फरक.

यातून वाट निघणारच नाही असे नाही. १९५९ मध्ये बंगळूरच्या द्राक्ष-बागाईतदारांच्या सहकारी संस्थेने, जी पुढे 'हॉपकॉम्स' या नावाने ओळखली गेली, शेतकरी आणि शहरातील ग्राहक यांना सहकारी दुकानांतून एकत्र आणले. शेतकऱ्याला रास्त भाव आणि ग्राहकाला ताजा माल, ही तिची साधी रीत होती. तिला बळ देणे शक्य आहे. शहराच्या विकास आराखड्यात शेतजमीन ही 'मोकळी जागा' म्हणून न दाखविता अन्नाचा स्रोत म्हणून राखणे शक्य आहे. सांडपाण्याचे पूर्ण शुद्धीकरण शक्य आहे. आणि ज्यासाठी कोणत्याही आराखड्याची, अनुदानाची वा संघटनेची गरज नाही ते तर आजच शक्य आहे. हिवाळ्यात घरात अवरेच्या शेंगा आल्या, तर त्या सोलावयास घरातील पुरुषांनी बसावे. देवनहळ्ळीचे शेत वाचविण्यासाठी शेतकऱ्यांना तीन वर्षे धरणे धरावे लागले. घरातील या वाटणीसाठी तितकी वाट पाहावी लागू नये. तोवर घरच्या अन्नाची स्तोत्रे गाणाऱ्यांनी आपला आवाज किंचित खाली ठेवलेला बरा.