स्वॅब दिला, पुढे?

‘आतून तपासावं लागेल’ म्हटलं की पाळी आहे, एसटी चुकेल, पुढच्या वेळी येते, असं काहीतरी सांगून निघून जाणाऱ्या बायका आपल्या सगळ्यांच्याच ओपीडीत असतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) तिशी ते एकोणपन्नाशीच्या जेमतेम दोन टक्के स्त्रियांनी गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झाल्याचं सांगितलं. स्वतःच नमुना घेण्याची सोय आहे ती उरलेल्या अठ्ठ्याण्णवांसाठी.

एचपीव्ही चाचणीने जीव वाचतात, हे आपल्याच धाराशिवने, तेव्हाच्या उस्मानाबादने, दाखवून दिलं. सव्वा लाखावर स्त्रियांच्या त्या अभ्यासात चाचणीच्या एकाच फेरीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. तिथले नमुने मात्र आरोग्यसेविकांनी घेतले होते. बाईने स्वतः घेतलेला नमुनाही चालतो, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत मान्य केलं, आणि ऑस्ट्रेलियाने जुलै २०२२ पासून सर्व पात्र स्त्रियांना तो पर्याय दिला.

मेख चाचणीच्या प्रकारात आहे. पीसीआरवर चालणाऱ्या चाचण्यांत असा नमुना डॉक्टरने घेतलेल्या नमुन्याच्या तोडीचा ठरतो. सिग्नल वाढवून ओळखणाऱ्या जुन्या पद्धतींत तो मागे पडतो. तेव्हा किट स्वस्त मिळतंय म्हणून शिबिर लावू नका. याच स्वॅबवर, याच द्रावणात ही चाचणी पडताळली आहे का, ते आधी विचारा. आणि हा स्वॅब पॅपसाठी उपयोगाचा नाही.

समजावून सांगायला वेळ द्या. ‘आत अडकेल का?’ आणि ‘मला नीट जमलं का?’ हे दोन प्रश्न येणारच. पिशवीच्या तोंडापर्यंत पोचायची गरजच नाही, योनीमार्गातल्या पेशींतही विषाणू सापडतो, एवढं कळलं की निम्मी धास्ती जाते. एक पाय स्टुलावर ठेवायचा किंवा उकिडवं बसायचं, खुणेपर्यंत स्वॅब घालायचा, फिरवायचा, टोकाला हात न लावता कुपीत टाकायचा. नाव आणि मोबाइल नंबर तिथल्या तिथे लिहून घ्या; नंबर बहुतेकदा नवऱ्याचा निघतो, आणि निकाल त्याच्याच हाती पडतो.

खरी कसोटी निकालानंतर. उस्मानाबादेत शंभरातल्या साधारण दहा जणी पॉझिटिव्ह निघाल्या. जी तपासणी टाळायची होती ती या दहा जणींना करावीच लागते, आणि त्याच वेळी ‘हा आजार मला कुणाकडून आला?’ हा प्रश्न घरात पेटलेला असतो. विषाणू वर्षानुवर्षं गुपचूप राहू शकतो, त्यावरून कुणाच्या चारित्र्याचा हिशेब निघत नाही, आणि पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर नव्हे, हे आशाताईंना आधी पाठ हवं. शिबिराची तारीख ठरवण्यापूर्वी कॉल्पोस्कोपीचा वार आणि थर्मल अॅब्लेशनचं यंत्र चालू आहे की नाही, याची खात्री करा. ते नसेल तर शिबिर पुढे ढकलणं बरं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

संबंधानंतर रक्त जाणारी किंवा पाळी गेल्यावर पुन्हा अंगावर लाल जाणारी बाई स्वॅब मागायला आली, तर तिला स्वॅब देऊन परत पाठवू नका. तिला त्याच दिवशी टेबलावर घ्या.