मंगळ एवढाच का?

ग्रह लहानमोठे का, याचे उत्तर शाळेत ठरलेले असते. सूर्याजवळ उष्णता फार, त्यामुळे तिथे खडक आणि धातू एवढेच टिकले. तेही थोडे, म्हणून आतले ग्रह लहान. हिमरेषेपलीकडे पाण्याचा बर्फ टिकला, त्यातून मोठे गाभे झाले, त्यांनी वायू ओढून घेतला, म्हणून बाहेरचे ग्रह अवाढव्य. उत्तर चुकीचे नाही. पूर्ण गुणही मिळतात. फक्त त्यात मंगळ बसत नाही.

वस्तुमानाचे आकडे ओळीने वाचा. पृथ्वीचे एक धरले, तर शुक्राचे चार पंचमांशाहून किंचित जास्त. गुरूचे ३१८. आणि पृथ्वी व गुरू यांच्यामध्ये असलेल्या मंगळाचे जेमतेम एक दशांश. सूर्यापासून लांब जावे तसा माल वाढत गेला असेल, तर इथे निदान पृथ्वीच्या तोडीचा ग्रह हवा होता. मंगळापलीकडे गुरूपर्यंत तर ग्रहच नाही. लघुग्रहांचा पट्टा आहे, आणि त्यातले सगळे दगड एकत्र केले तरी चंद्राच्या पाच टक्केही भरत नाहीत.

‘मंगळ पृथ्वीएवढा का नाही?’ हा प्रश्न ग्रहशास्त्रज्ञ जॉर्ज वेदरिल यांनी १९९१मध्ये सरळ विचारला. कारण संगणकावर ग्रह घडवून पाहिले की पृथ्वी आणि शुक्र ठाकठीक जमत. मंगळाच्या जागी मात्र त्याच्या कितीतरी पट वजनाचा ग्रह तयार होई. इतक्या वेळा येणारा फरक योगायोग म्हणून सोडून देता येत नाही.

मंगळ सावकाश वाढला म्हणून लहान राहिला, असे म्हणावे तर तेही नाही. मंगळावरून पृथ्वीवर येऊन पडलेल्या अशनींमधल्या किरणोत्सर्गी खुणा निकोला डोफास आणि अली पोरमंद यांनी तपासल्या. २०११मध्ये त्यांनी मांडलेला हिशेब असा, की सूर्यमालेच्या जन्मानंतर सुमारे वीस लाख वर्षांतच मंगळ निम्मा घडला होता. पृथ्वीला पूर्ण व्हायला काही कोटी वर्षे लागली. म्हणजे मंगळ झपाट्याने वाढला आणि मग थांबला. पुढे वाढायला आजूबाजूला काही उरलेच नाही.

मग तो माल गेला कुठे? त्याच वर्षी केव्हिन वॉल्श आणि सहकाऱ्यांनी संशयित पुढे केला: गुरू. नवजात सूर्याभोवतीच्या वायूच्या तबकडीत गुरू आत सरकत आज मंगळ आहे साधारण तिथवर आला. मागून शनीने गाठले आणि दोघेही परत फिरले. या येण्याजाण्यात मंगळाच्या वाट्याचा माल उधळला गेला. (पत्रिकेत गुरू शुभ आणि मंगळ तापदायक. इथे आरोप नेमका उलटा आहे.) एवढा ग्रह असा हिंडेल कसा, अशी शंका येईल. पण १९९५मध्ये ५१ पेगासी या ताऱ्याभोवती गुरूच्या निम्म्या वजनाचा ग्रह सापडला आणि तो सव्वाचार दिवसांत प्रदक्षिणा पुरी करतो. इतक्या जवळ तो घडला असेल, असे फारसे कोणी मानत नाही. बहुधा तो तिथे सरकत आला.

गुरूवरचा आरोप सिद्ध झालेला नाही. काहींच्या मते गुरू आत आलाच नाही; मोठ्या ग्रहांच्या कक्षा लवकर विस्कटल्या आणि मंगळाची वाढ त्यात खुंटली. काहींच्या मते मंगळाच्या परिसरात माल पहिल्यापासूनच तुटपुंजा होता. वाद चालू आहे. पण सूर्यापासूनचे अंतर आणि तिथली उष्णता एवढ्यावर मंगळाचा आकार निघतो, असे यातला कोणताच पक्ष म्हणत नाही. बाहेरच्या ग्रहांतही हेच दिसते. युरेनस आणि नेपच्यून यांचे गाभे मोठे होईपर्यंत तबकडीतला वायूच सरत आला होता, म्हणून ते गुरूएवढे झाले नाहीत, असे मानतात. तिथेही प्रश्न जागेपुरता नाही, वेळेचाही आहे.

आणि या खुजेपणाची किंमत मंगळाने मोजली. लहान गोळा लवकर निवला, त्याचे चुंबकीय क्षेत्र विझले, क्षीण गुरुत्वाकर्षणातून हवा निसटत गेली. एके काळी तिथे नद्या वाहत होत्या. आज हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहून कमी आहे. मंगळ पृथ्वीपेक्षा थंड आहे तो सूर्यापासूनच्या अंतरामुळे, हे खरे. उजाड मात्र तो मुख्यतः वजन कमी पडल्यामुळे आहे. तिथे पुन्हा हवा भरण्याच्या योजना मोठ्या हौसेने मांडल्या जातात. ती हवा धरून ठेवायला लागणारे वस्तुमान कुठून आणायचे, हे त्या योजना सहसा सांगत नाहीत.