बंगल्याचे धनी आणि डोंगराचे वारस

महाबळेश्वर आणि पाचगणी येथील एखाद्या जुन्या बंगल्याच्या विक्रीची किंवा ताब्याच्या तंट्याची वार्ता अधूनमधून वृत्तपत्रांत झळकते. आवार किती एकरांचे, किंमत किती कोटींची, मूळ भाडेपट्टेदार कोण आणि हल्लीचा दावेदार कोण, याची चार दिवस चर्चा होते आणि विरते. या बंगल्यांच्या कागदोपत्री धन्यांचा इतिहास मोठा मनोरंजक आहे, यात शंका नाही. परंतु ज्या भूमीवर हे बंगले उभे आहेत ती मुळात कोणाची, आणि सुमारे दोनशे वर्षांच्या या देवघेवीत तिच्यावर राबणाऱ्यांच्या पदरात काय पडले, हा प्रश्न त्या चर्चेत कधीच येत नाही. तो येथे विचारणे आम्हांस अगत्याचे वाटते.

१८२४ साली लॉडविक हा इंग्रज लष्करी अधिकारी या पठारावर चढला. पाचच वर्षांनी, १८२९ मध्ये, मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशी करार करून वाई भागातील खंडाळा गावाच्या मोबदल्यात हा प्रदेश कंपनीकडे घेतला. पेठेला माल्कमचे नाव मिळाले आणि ‘माउंट माल्कम’ हा बंगला उभा राहिला. अदलाबदल दोन सत्ताधीशांत झाली. डोंगरावर नांदणाऱ्या माणसांची संमती कोणी विचारली नाही. पुढे दहा वर्षांतच, १८३९ साली, त्याच कंपनी सरकारने प्रतापसिंहांना पदच्युत करून काशीस धाडले आणि १८४८ मध्ये साताऱ्याचे राज्यच खालसा केले. ज्याने डोंगर दिला त्याचे राज्य गेले. ज्याने घेतला त्याचे नाव मात्र पेठेस चिकटून राहिले.

साहेबाचे हे थंड हवेचे स्वर्गस्थान कोणाच्या कष्टावर फुलले? १८३४ च्या सुमारास येथे बंदिशाळा काढण्यात आली आणि समुद्रापलीकडून आणलेले चिनी व मलायी कैदी तीत ठेवण्यात आले. बंदिशाळा १८६४ मध्ये मोडली. तोवर बटाट्याची व इतर भाजीपाल्याची लागवड या कैद्यांनी येथे रुजविली होती. पिढ्यान् पिढ्या लोखंड गाळणारे धावड, डोंगरउतारावर नाचणी-वरई पिकविणारे कुळवाडी, गुरे राखणारे धनगर हे येथले खरे रहिवासी. वन राखीव करण्याचे धोरण आले, कोळशासाठी लाकूड तोडणे बंद झाले आणि धावडांच्या भट्ट्या विझल्या. बंगल्याच्या बागेसाठी झाड राखायचे आणि भट्टीवाल्याच्या पोटासाठी मात्र तोडू द्यायचे नाही, असा हा न्याय होता.

पुढे मुंबईत गिरण्या आणि पेढ्या भरभराटल्या. साहेबाच्या शेजारी पारशी, भाटिये, बोहरी धनिक आणि संस्थानिक येऊन बसले. धनी बदलले, बंगल्यामागच्या नोकरांच्या खोल्या बदलल्या नाहीत. १९४४ साली पाचगणीच्या ‘दिलखुश’मध्ये आणि १९४५ साली महाबळेश्वरच्या ‘मोरारजी कॅसल’मध्ये गांधीजी विश्रांतीसाठी राहिले. नेमक्या त्याच काळात, त्याच सातारा जिल्ह्याच्या सखल भागात, आजच्या सांगली जिल्ह्यातील वाळवा-तासगावसह, नाना पाटलांचे प्रतिसरकार गावोगाव न्यायदान करीत होते. पठारावर मात्र मुंबई इलाख्याची उन्हाळी राजधानी अद्याप नांदत होती. एकाच जिल्ह्यात दोन राज्ये होती.

स्वातंत्र्यानंतर साहेब गेला. बंगल्यांची हॉटेले झाली, काहींची कंपन्यांची विश्रामगृहे झाली, काही दाव्यांत अडकून मोडकळीस आली. यांतील अनेक बंगल्यांखालील जमीन आजही सरकारी भाडेपट्ट्याची, म्हणजे अखेर जनतेची आहे. परंतु भाडेपट्टा हा उपभोगाचा परवाना असतो, मालकी नव्हे, याचा विसर धारकांना पडला आणि शासनालाही पडला. याच डोंगरावर वेगळा दाखलाही आहे. डॉ. रुस्तुम बिलिमोरिया यांनी १९१२ साली पाचगणीत क्षयरोग्यांसाठी ‘बेल-एअर’ आरोग्यधाम काढले. ते पुढे रेडक्रॉस सोसायटीकडे आले आणि आज तेथे परिसरातील सामान्य रुग्णांवर उपचार होतात. वास्तूचे धनी बदलले ते तिचा उपयोग विस्तारण्यासाठी. असे हस्तांतर आम्हांस मान्य आहे.

हा प्रश्न केवळ पठारावरील लोकांचा आहे असे सांगलीच्या वाचकाने समजू नये. कृष्णा आणि कोयना येथेच उगम पावतात, कऱ्हाडास मिळतात आणि सांगलीस जातात. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरात एका दिवसात सुमारे ६०० मिलिमीटर पाऊस कोसळला. ऑगस्ट २०१९ चा महापूर सांगली विसरलेली नाही. महापुराची कारणे अनेक आहेत, ती सारी बंगल्यांच्या माथी मारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. परंतु उगमावरचे जंगल आणि माती यांची राखण हे खालच्या खोऱ्याचेही हित आहे, याबद्दल दुमत होण्याचे कारण नाही. म्हणूनच २००१ मध्ये केंद्र सरकारने हा टापू पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील ठरविला. तरीही आता बंगल्याचा लोभ पठारावरून खोऱ्यांत उतरतो आहे. कांदाटी खोऱ्यातील झाडाणी येथे शेकडो एकर जमीन बाहेरच्या खरेदीदारांकडे गेल्याचे प्रकरण २०२४ मध्ये गाजले. नवीन महाबळेश्वर प्रकल्पासाठी रस्ते विकास महामंडळाकडे शेकडो गावांचे नियोजन सोपविण्यात आले आहे. कोयनेच्या पाण्याखाली ज्यांची घरे गेली, त्यांच्याच खोऱ्यांत आता इतरांच्या सुट्टीची घरे उठणार काय?

आमच्या मागण्या साध्या आहेत. महाबळेश्वर-पाचगणीतील प्रत्येक सरकारी भाडेपट्टा, त्याचा धारक, मुदत, भाडे आणि अटी ग्रामसभेत व नगरपालिकेत जाहीर वाचल्या जाव्यात. मुदत संपलेले व अटी मोडलेले पट्टे मुकाट्याने वाढवू नयेत. परत आलेल्या वास्तूंत रुग्णालये, वसतिगृहे आणि कामगारांच्या मुलांच्या शाळा निघाव्यात. नव्या प्रकल्पात स्थानिकांची जमीन त्यांच्या लेखी आणि समजून दिलेल्या संमतीवाचून हलू नये.

१८२९ साली हा डोंगर रहिवाशांना न विचारता दुसऱ्याच्या हाती गेला. त्या वेळी राज्य राजाचे होते. आज ते प्रजेचे आहे असे आपण म्हणतो. ते खरे असेल तर या वेळी तरी आधी तिला विचारले पाहिजे.