कॅप्सूलने मेंदू उगवत नाही

माझं औषधाचं दुकान आहे. वडिलांना विसरायला होतं म्हणून लोक व्हॉट्सॲपवरचा फॉरवर्ड दाखवून ‘एनजीएफ वाढवणारी’ मशरूमची कॅप्सूल मागतात. मी ती ठेवत नाही. गिऱ्हाईक तुटतं, तुटू दे.

एनजीएफ हे चेतापेशींना जगवणारं प्रथिन. ते शोधणाऱ्या रीटा लेव्ही-मोंताल्चिनी या ज्यू डॉक्टरीणबाई. मुसोलिनीच्या वंशवादी कायद्यांनी विद्यापीठ सुटलं, तर तुरिनमध्ये स्वतःच्या झोपायच्या खोलीत, शिवणाच्या सुया घासून केलेल्या हत्यारांनी त्या कोंबडीचे गर्भ तपासत बसल्या. पुढे अमेरिकेत त्यांना एनजीएफचा माग लागला आणि १९८६ मध्ये स्टॅन्ली कोहेन यांच्यासोबत नोबेल मिळालं.

अल्झायमरमध्ये लवकर सुकणाऱ्या काही पेशी याच प्रथिनावर तगतात. पण ते रक्तातून मेंदूत जवळपास शिरतच नाही. स्वीडनमध्ये थेट मेंदूच्या पोकळीत सोडून पाहिलं, तर पाठदुखी जडली, वजन घटलं. कारण हेच प्रथिन वेदनाही चेतवतं. मग अमेरिकेत ४९ रुग्णांवर याच प्रथिनाचं जनुक मेंदूत सोडणाऱ्या जनुकोपचाराची चाचणी झाली. २०१८ चा निकाल: फायदा नाही. नंतर मृत रुग्णांचे मेंदू तपासले, तर जनुक नेमक्या पेशींपर्यंत पोचलंच नव्हतं. म्हणून ही वाट बंद झाली, असं मी मानत नाही. नेम सुधारायला पैसा मिळायला हवा. पण कवटीला भोक पाडून जे साधलं नाही, ते डबीतली पूड साधते म्हणायचं?

एनजीएफचं मान्यता मिळालेलं एक औषध मात्र आहे. डोळ्यांत घालायचे थेंब, संवेदना गेलेल्या बुबुळासाठी.