सिकल म्हणजे विळा

सिकल म्हणजे विळा. आपल्या आयाबाया ज्याने तूर कापतात, गवत कापतात, तो विळा. रक्तातली तांबडी पेशी गोल आणि मऊ असायला पाहिजे. ती या विळ्यासारखी वाकडी, कडक होते, बारीक नळ्यांत अडकून बसते, पुढं रक्त जाऊ देत नाही. म्हणून हाडं ठणकतात. चांगली पेशी १२० दिवस जगते, ही दहा-वीस दिवसांत मरते, म्हणून अंगात रक्त राहत नाही. झालं. एवढंच आहे त्या नावात. विदर्भातल्या वस्त्यावस्त्यांत जो रोग पोरांची हाडं पिळून काढतो, त्याचं नाव समजायला चार-सहा वाक्यं पुरतात. आणि ही वाक्यं आपल्या दहावी पास पोरांना येत नाहीत.

का येत नाहीत, ते बोलू.

नववीच्या विज्ञानात हा आजार आहे. आनुवंशिकतेच्या धड्यात आहे. नाव सिकलसेल ॲनिमिया, आणि त्याचं शुद्ध मराठी दात्रपेशी पांडुरोग. दात्र! वाडीत अमरावती रोडच्या अल्याड-पल्याड कुठल्या घरात दात्र टांगलेलं आहे, दाखवा मला. आमच्या घरात इळा आहे. दात्र हा संस्कृतातला इळा. म्हणजे आधी इंग्रजांचा इळा आला, मग संस्कृत इळा आला, आणि आमचा इळा वर्गाबाहेर चपलांजवळ उभा. मी दर रविवारी वस्तीतल्या आठवी ते दहावीच्या पोट्ट्यांना घेऊन बसतो. एका पोरीला विचारलं, दात्रपेशी पांडुरोग म्हणजे काय? तिनं घडाघडा व्याख्या म्हटली, एक मात्रा चुकली नाही. मग विचारलं, दात्र म्हणजे काय गं? गप्प. जरा वेळानं म्हणते, 'सर, दातातली पेशी असन.' वर्ग हसला नाही. वर्गालाही तसंच वाटत होतं. या पोरीचा सख्खा भाऊ सिकलचा पेशंट आहे.

दोस्तहो, अशा शब्दांचा एक मोठा कारखाना आपल्याच शहरात होता. १९४६ ला डॉ. रघुवीर लाहोरहून आपली सरस्वती विहार ही संस्था घेऊन नागपूरला आले. दहाएक वर्षं इथं बसून त्यांनी संस्कृत धातू, उपसर्ग, प्रत्यय जोडून लाखाच्या हिशेबात शब्द पाडले. १९५५ चा त्यांचा मोठा इंग्रजी-हिंदी कोश नागपूरचाच. पुढं महाराष्ट्र झाल्यावर भाषा संचालनालयानं शारीरशास्त्राचे, विकृतिशास्त्राचे परिभाषा कोश काढले, त्यांचीही चाल बरीचशी तीच. मेहनत खोटी होती असं मी म्हणत नाही. पण शब्द पाडताना विचारलं कुणाला? खाटकाला? दाईला? ढोर फाडणाऱ्याला? त्याच नागपुरात १९५६ ला बाबासाहेबांनी लाखो माणसांना बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्या सरळ मराठीत दिल्या. त्याच्याही कितीतरी आधी दोन ब्राह्मण कुळातले भिक्खू बुद्धाकडं गेले आणि म्हणाले, तुमचं वचन वेदाच्या छंदात बांधतो. बुद्धानं त्यांना झापलं. ज्यानं त्यानं आपापल्या बोलीत शिकावं, म्हणाला. विनयपिटकात आहे हे.

आणि शरीराचे शब्द आपल्याकडं नव्हतेच असं थोडंच आहे? काळीज, फोपसं, आतडी, वजडी, गुर्दा, तिल्ली, भेजा. आपल्या आजोबा-पणजोबांनी मेलेलं ढोर ओढलं, सोललं, फाडलं. ते काम जातीनं लादलेलं होतं. १९२७ ला महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या ढोराचं मांस सोडा म्हणून सांगितलं आणि माणसांनी सोडलं. त्याचा मला अभिमान आहे, मला त्या कामाचे पोवाडे गायचे नाहीत. पण कोणता अवयव कुठं असतो, कशाला चिकटलेला असतो, रोगट असला की कसा दिसतो, हे त्या हातांना ठाऊक होतं. मनुस्मृतीनं वैद्याचं अन्न पुवासारखं म्हणून टाकून दिलं. १८३६ ला कलकत्त्यात मधुसूदन गुप्तांनी प्रेतावर सुरी चालवली, तर ती इतिहासात नोंदली गेली. आमच्याकडं पिढ्यान्‌पिढ्या सुरी चालत होती, त्याला शास्त्र म्हटलं नाही, विटाळ म्हटलं. आणि आज वर्गात पोरगा तिल्ली म्हणाला की मास्तर सुधारतात : प्लीहा म्हण. बरं, दवाखान्यात प्लीहा कोण म्हणतं? कुणीच नाही. तिथं स्प्लीन आहे. घरी तिल्ली, शाळेत प्लीहा, दवाखान्यात स्प्लीन. एकच अवयव, तीन दारं, आणि पोरगा तिन्हीच्या बाहेर.

गंमत म्हणजे ज्या लॅटिन-ग्रीक शब्दांना आपण घाबरतो ते त्यांच्या स्वयंपाकघरातलेच आहेत. गुडघ्याची वाटी म्हणजे पटेला. पटेला म्हणजे छोटी थाळी. क्लॅव्हिकल म्हणजे छोटी किल्ली. टिबिया म्हणजे बासरी. कानातला कॉक्लिया म्हणजे गोगलगाय. मसल म्हणजे लहान उंदीर. दंड फुगवा, कातडीखाली उंदीर पळतो का नाही बघा. मलेरिया म्हणजे खराब हवा. आणि मागं 'आयटिस' लागलं की सूज, 'एक्टॉमी' लागलं की कापून काढलं. एवढं एका दुपारी सांगितलं आणि पोट्टे टॉन्सिलायटिस, ॲपेंडेक्टॉमी स्वतःहून फोडायला लागले. हे कुठल्या ऋषीचे मंत्र नाहीत. आमचा इळा मात्र अशुद्ध!

आता कुणी म्हणेल, शब्दांचा एवढा काथ्याकूट कशाला? पोरं मरतात त्यावर बोला. त्यावरच बोलतोय.

वस्तीतल्या एका मामीच्या पोरीचं लग्न ठरलं होतं. रक्त तपासलं. एका दवाखान्यातून कागद आला, त्यावर 'एएस' लिहिलेलं. मामीनं विचारलं, 'सायब, काय निंगालं?' उत्तर मिळालं, 'सिकल आहे.' एवढंच. दोन शब्द. पुढचा नंबर. पोरीले सिकल निंगालं म्हणून सासरकडच्यांनी सोयरीक मोडली. ती पोरगी आजारी नव्हती, नाही, होणारही नाही. एएस म्हणजे आईबापांपैकी एकाकडून विळ्याचा गुण आला, दुसऱ्याकडून चांगला आला. ती वाहक. एसएस म्हणजे दोन्हीकडून विळाच आला. तो पेशंट. दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक बाळंतपणाला चारात एक शक्यता पेशंट मूल होण्याची. प्रत्येक वेळी नव्यानं, एक झालं म्हणजे पुढचे तीन सुटले असं नाही. वाहकाचं लग्न बिनवाहकाशी झालं तर एकही मूल पेशंट होत नाही. होणाऱ्या नवऱ्याचं रक्त तपासायचं होतं, सोयरीक मोडायची नव्हती. आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा आजार आहे. पेशंट असणं आणि वाहक असणं हा फरक तिथंही खिडकीवर पुन्हा आडवा येतो. ज्याला हा फरक सांगता येत नाही त्याला कुणीही हाकलून देतं.

आणि हा आजार जातीचा नाही, पापाचा नाही, करणीचा नाही. जिथं मलेरिया माजला होता तिथं विळ्याचा एक गुण असलेली माणसं मलेरियातून जास्त वाचली, म्हणून तो गुण त्या भागात टिकला. १९५८ ला नागपूरच्या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या वाहकांबद्दल 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं. १ जुलै २०२३ ला शहडोलला केंद्राची सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. २०४७ पर्यंत रोग संपवायचा, आदिवासी भागातल्या ७ कोटी लोकांची तपासणी करायची. गोंड-परधान भावांना ती मिळालीच पाहिजे. पण विदर्भात हा रोग पूर्वाश्रमीच्या महारांच्या वस्त्यांतही आहे. 'आदिवासी भाग' या शब्दात वाडी, इंदोरा बसत नाहीत. पुन्हा शब्दच.

आपल्या चळवळीलाही एक सवाल आहे. १९१० ला शिकागोत हेरिक नावाच्या डॉक्टरानं या पेशीला विळ्यासारखी म्हटलं. पेशंट होता दाताच्या डॉक्टरीचा एक काळा विद्यार्थी, ग्रेनाडाहून आलेला. साठ वर्षं काळ्यांच्या या रोगाकडं ढुंकून बघितलं गेलं नाही. १९७१ पासून ब्लॅक पँथरनं आपल्या फुकट दवाखान्यांत, वस्त्यांत रक्ततपासणी लावली, आपल्या पेपरात साध्या भाषेत रोग समजावला. १९७२ ला अमेरिकेला सिकलसेलचा कायदा करावा लागला. त्याच १९७२ ला मुंबईत दलित पँथर उभी राहिली. नाव आपण घेतलं, आवाज घेतला. रक्त तपासायची सुई घेतली नाही. विदर्भ तर डोळ्यांसमोर होता! तिकडंही सगळं गोड नव्हतं. वाहक आणि पेशंट यांची गल्लत झाली, काही राज्यांनी तपासणीची सक्ती केली, वाहकांना हवाई दलाच्या अकादमीत १९८१ पर्यंत घेत नव्हते. तिथंही एका शब्दाच्या गल्लतीनं धडधाकट पोरांची दारं बंद केली.

शाळेत आता नवीन टूम आहे. काही शाळांत नववीपासून हेल्थकेअर नावाचा व्यवसाय विषय मिळतो, जनरल ड्यूटी असिस्टंटचा. पलंग कसा लावायचा, ताप-नाडी कशी बघायची, पेशंटला कसं पुसायचं, दवाखान्याचा कचरा कुठल्या रंगाच्या डब्यात. काम हलकं नाही, मी हसत नाही. पण या वर्गात पोरगी ॲनिमिया, स्प्लीन हे शब्द शिकते ते हुकूम ऐकण्यासाठी. वरून कुणी म्हणेल ते आणून द्यायचं, एवढ्यापुरते. पेशंटच्या बाजूनं उभं राहून 'हे काय लिहिलंत?' असं विचारण्यासाठी नाही. तेच शब्द तिकडं शिकवणीत लाखो भरून शिकणारा पोरगा शिकतो, तो मालक होण्यासाठी. आमचे काही शिकलेले भाऊ म्हणतात, मग इंग्रजीच शिकवा, तिल्लीबिल्ली सोडा. इंग्रजी पाहिजेच बाबा. औषधाच्या डबीवर, रिपोर्टवर तेच आहे. पण स्प्लीनपर्यंत पोचायचा रस्ता तिल्लीवरूनच जातो.

जमैकात हे करून बघितलेलं आहे. सिकलच्या लहान पोरांत कधी कधी तिल्ली एकाएकी फुगते, अंगातलं रक्त तिच्यात साठतं आणि काही तासांत पोर जातं. तिथल्या डॉक्टरांनी आयांना शिकवलं : डाव्या बरगडीखाली बोटं अशी ठेवा, तिल्ली लागते का बघा, मोठी लागली की धावत या. या प्रकारानं होणारे मृत्यू खूप कमी झाले. १९८५ ला ते छापून आलं. त्या आया डॉक्टर नव्हत्या.

म्हणून येत्या रविवारी तिल्ली. खाटकाकडून बकऱ्याची एक आणायची, दहा-दहा रुपये वर्गणी ठरली आहे. विहारात नको म्हणून थोरली माणसं म्हणाली, बरोबर आहे, बाहेरच्या ओट्यावर बसू. आधी बकऱ्याची हातात घ्यायची, मग आपल्या बरगडीखाली बोटं घालून जागा शोधायची. फळ्यावर तिन्ही नावं लिहायची, तिल्ली सगळ्यात वर. सिकलवाल्या पोरांच्या आयांना बोलावलं आहे. त्या भावाची माय येतो म्हणाली आहे, कामावरून सुटली की.