गाण्याचा तास राखा!

परीक्षा जवळ आली की शाळेच्या वेळापत्रकातून पहिला बळी जातो तो गाण्याच्या तासाचा. नाटक तर स्नेहसंमेलनापुरतेच. पडदा पडला की वर्षभर त्याचे नाव नाही. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ डोक्यावर घेणाऱ्या महाराष्ट्राला ही रीत शोभत नाही.

आम्ही काही वर्षे शिक्षकाचा पेशा केला आहे. वर्गात उत्तर देताना अडखळणारा मुलगा नाटुकल्यात चार वाक्ये खणखणीत म्हणून गेला आणि पुढे वर्गातही निर्भयपणे उभा राहू लागला, हे आम्ही पाहिले आहे. समूहगीतात आपला सूर इतरांच्या सुराशी जुळवावा लागतो. नाटकात दुसऱ्याचे बोलणे संपेपर्यंत थांबावे लागते. नागरिकत्वाचा याहून चांगला पाठ कोणत्या पुस्तकात आहे?

कला हा विषय दहावीपर्यंत सक्तीचा असावा, असे २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने सुचविले. २०२० च्या शैक्षणिक धोरणानेही कलेला अभ्यासक्रमात मानाचे स्थान देऊ केले. कागदावर उणे काही नाही. उणी आहे ती आपली इच्छा. गुणांच्या चिंतेने हा तास गणिताला देऊ पाहणाऱ्या पालकांनीच आता तो शाळेकडे हक्काने मागावा.